तेच सर पुन्हा बाकावर दिसले की पंचाने काय करायचं?

मध्यरेषा

नमस्कार मंडळी. क्रीडा विभाग नेहमी वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय मनाला लागलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि गेली ११ वर्षं कबड्डीची पंच. तालुका, जिल्हा, कधी विभाग. आमच्याकडे पंच मोजके आणि मार्गदर्शकही मोजके, त्यामुळे एका मोसमात एकच माणूस चार-पाच वेळा समोर येतो. बहुतेक जण भले असतात. एक सर मात्र असे आहेत की ड्रॉमध्ये त्यांच्या शाळेचं नाव माझ्या मैदानावर आलं की आदल्या रात्रीची झोप जाते.

मागच्या वर्षी १७ वर्षांखालील मुलींचा उपांत्यपूर्व सामना होता, मी सरपंच, म्हणजे मैदानावरची मुख्य पंच होते. पंचांनी बोनस दिला आणि हे सर बाकावरून उठून थेट मैदानात आले. हिरवं कार्ड, म्हणजे ताकीद, दाखवलं. ते हटले नाहीत, हातवारे करत गुणलेखकाच्या टेबलापर्यंत गेले. पिवळं दाखवलं, तांत्रिक गुण समोरच्या संघाला गेला. त्यांच्या मुली एका गुणाने हरल्या. त्यांची कर्णधार ‘निदान रेषे’वर, म्हणजे चढाईपटूला पार करावी लागते त्या रेषेवर, बसून रडत होती, मॅटवर घासून गुडघा सोललेला, आणि ती माझ्याकडे बघत होती. निर्णय नियमाला धरून होता, आजही तोच देईन. पण ती पोर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग वर्षभर कानावर येत राहिलं, "मॅडमनी खुन्नस काढली."

यंदा उपांत्य सामना, तेच सर, सरपंच पुन्हा मीच. पूर्वार्धाची पंधरा मिनिटं ते सलग ओरडत होते. प्रत्येक चढाईला बाहेरून सूचना, प्रत्येक पकडीनंतर "अहो मॅडम!" हे चालू द्यायचं नसतं हे मला पाठ आहे, तरी मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उत्तरार्धात समोरच्या संघाची मार्गदर्शिका, पहिल्याच वर्षी संघ घेऊन आलेली तरुण मुलगी, उभी राहिली आणि एकदाच म्हणाली, "मॅडम, पाय लॉबीत होता ना?" लॉबी म्हणजे मैदानाच्या कडेची पट्टी. मी तिला हिरवं कार्ड दाखवलं.

सामना संपल्यावर ती गुणपत्रिकेवर सही करायला आली. पेनाचं टोपण लावता लावता हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ते सर पहिल्यापासून ओरडत होते." मला काही बोलता आलं नाही.

लोक मला पक्षपाती म्हणतील या भीतीने मी खरोखरचा पक्षपात करून बसले. हे इथे लिहिताना सुद्धा जड जातंय. तुमच्यापैकी कोणी पंच, रेफरी, अंपायर असाल तर सांगा, तेच ते मार्गदर्शक पुन्हा पुन्हा समोर येतात तेव्हा मागचं सगळं मैदानाबाहेर कसं ठेवता?


अप्पा_मातीवाले

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी ३० वर्षं पंच म्हणून उभा राहिलो, त्यातली बरीचशी मातीवर.

मागचं मैदानाबाहेर ठेवता येत नाही हो. मी तरी ठेवू शकलो नाही. आपण माणसं आहोत, समोरचाही माणूस आहे, दोघांना सगळं आठवतं. मी एवढंच शिकलो की त्या आठवणीला काम द्यायचं.

एक सर होते आमच्याकडे. दहा-बारा वर्षं माझ्या डोक्याशी. त्यांचा संघ असला की भांडण ठरलेलं. एकदा घरी बसून आठवायला लागलो, नक्की कशावरून होतं? आणि लक्षात आलं, दहातली आठ भांडणं बोनसची. त्यांचा एक पोरगा पट्टीचा बोनस काढणारा होता. मातीवर फक्कीच्या रेषा. पूर्वार्ध संपेपर्यंत पोरांच्या पायाखाली बोनस रेषा पार पुसून गेलेली असायची. मी अंदाजाने बोट वर करायचो, ते अंदाजाने ओरडायचे. पुढच्या सामन्यापासून मी मध्यंतरात स्वतः फक्कीचा डबा घेऊन रेषा आखून घ्यायला लागलो. आणि नजर पुढच्या पायावर न ठेवता मागच्या पायावर ठेवायला लागलो. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला हे सगळ्यांना दिसतं, मागचा त्याच क्षणी हवेत होता की नाही यावरच बोनस ठरतो.

भांडणं बंद झाली असं म्हणणार नाही, निम्म्यावर आली. ओरडणारा माणूस बरोबरही असू शकतो. हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

तुमच्या त्या तरुण मार्गदर्शिकेशी बोललात का?


मध्यरेषा

अप्पा, नाही बोलले. धीर होत नाहीये.

मागच्या पायाचं लिहून ठेवलं. मॅटवर रेषा पुसत नाहीत, पण बोनसवरूनच पेटतं हे आमच्याकडेही तसंच आहे.


रंकाळा_काठ

मी फुटबॉल रेफरी, कोल्हापूरचा. इथल्या फुटबॉलबद्दल वेगळं सांगायला नको, तालमींचे संघ, शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी, पेठेपेठेची ईर्षा. संघ तेच, रेफरी तेच. सकाळी ज्याच्याशी वाद झाला तो संध्याकाळी मिसळीच्या गाड्यावर शेजारी उभा असतो.

मध्यरेषा ताई, तुमच्या सामन्यात खरी अडचण उत्तरार्धात आली असं मला नाही वाटत. ती पहिल्या पाच मिनिटांत होऊन गेली होती. बाकावरच्या माणसाला आपण पहिल्या पाच मिनिटांत जे चालवून घेतो तीच त्या दिवसाची हद्द ठरते. नंतर ती मागे घेता येत नाही, आणि दुसऱ्या बाकाला वेगळी हद्द लावली की अन्याय होतो.

फुटबॉलमध्ये २०१९-२० च्या मोसमापासून मार्गदर्शकाला आणि बाकावरच्या इतर पदाधिकाऱ्यांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. त्याआधी नुसतं तोंडी सांगायचं, नाहीतर बाहेर काढायचं. बाकावरून शिवी आली आणि कोणी दिली ते कळलं नाही, तर तिथे हजर असलेल्या मुख्य मार्गदर्शकाला कार्ड मिळतं. या एका कलमाने माझं काम हलकं केलं. आता मार्गदर्शक स्वतःच आपल्या माणसांना खाली बसवतो.

पण कार्डापेक्षा मला जास्त उपयोग झाला तो अहवालाचा. पूर्वी मी लिहायचो, "अमुक मार्गदर्शकांनी अरेरावी केली, उद्धट वर्तन केलं." असोसिएशनच्या बैठकीत ते मार्गदर्शक हात जोडून उभे राहायचे, "साहेब, मी फक्त विचारलं", आणि प्रकरण मिटायचं. आता त्याच रात्री, जेवायच्या आधी लिहितो. मिनिट, ते कुठे उभे होते, आणि तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे. माझं मत एका ओळीचंही नाही. तीन सामन्यांचे असे तीन अहवाल एकापुढे एक ठेवले की बैठकीत कोणाला फारसं बोलायला उरत नाही.

याचा दुसरा फायदा असा की लिहून झालं की माझ्या डोक्यातून ते उतरतं. पुढच्या सामन्याला मी तो राग सोबत नेत नाही, तो कागदावर असतो.


पीटीचे_सर

मी दुसऱ्या बाजूचा. शाळेचा मार्गदर्शक, कबड्डी आणि खो-खो. आणि हो, मीही ओरडतो. त्यामुळे आमची बाजू मांडतो, रागावू नका.

शालेय स्पर्धेत मुलगी कोणत्या पातळीपर्यंत पोहोचली यावर तिचे क्रीडा सवलतीचे गुण ठरतात. दहावीच्या मुलीचा बाप मैदानाच्या कडेला उभा असतो, रोजगार बुडवून आलेला. मुख्याध्यापक सोमवारी विचारणार असतात. एक चढाई, एक बोट वर, आणि वर्षभराची सकाळी सहाची प्रॅक्टिस संपते. त्या क्षणी तोंड आवरत नाही. हे समर्थन नाही, काय होतं ते सांगतो आहे.

आणि आमच्याकडे एक गोष्ट आहे जी फुटबॉलवाल्यांकडे एवढी नसेल. आज जे पंच आहेत तेच उद्या आपल्या शाळेचा संघ घेऊन येतात. ज्यांनी मला मंगळवारी कार्ड दाखवलं, शुक्रवारी त्यांच्या शाळेच्या सामन्याला शिट्टी माझ्या हातात असते. सगळा जिल्हा एकमेकांचा पंच आणि एकमेकांचा मार्गदर्शक. मग खुन्नस हा शब्द येणारच. मंडळाने नेमणुका करताना याचा विचार करायला नको का? मध्यरेषा मॅडमना सलग दोन वर्षं त्याच सरांच्या सामन्याला का लावलं?

मी गप्प कधी बसतो तेही सांगतो. एकदा एका पंचांना मी तावातावाने विचारलं, "पाय दिसला नाही का तुम्हाला?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही सर, मध्ये चढाईपटूची पाठ आली. सहपंचांना विचारतो." विचारलं, आणि निर्णय माझ्या विरोधातच गेला. पण मी बसलो. त्या माणसाला मी आजवर पुन्हा उलट बोललेलो नाही. जे पंच मान वळवून चालू पडतात त्यांच्यावर मी दरवेळी ओरडतो.


एडिसनकर

नेमणूक बदलण्याच्या मुद्द्यावरून लिहितो. मी न्यूजर्सीत असतो, मुलांच्या बेसबॉलमध्ये गेली काही वर्षं शनिवार-रविवार अंपायरिंग करतो.

इथे अर्ल वीव्हर आणि रॉन लुसियानो ही जोडी जुन्या लोकांना अजून आठवते. वीव्हर बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, लुसियानो अंपायर. दोघं खालच्या पातळीच्या लीगमध्ये होते तेव्हा एका मालिकेतल्या चारही सामन्यांत लुसियानोंनी वीव्हरना मैदानाबाहेर काढलं होतं. पुढे दोघंही अमेरिकन लीगमध्ये पोहोचले आणि वैर तसंच सोबत आलं. शेवटी लीगने लुसियानोंना काही काळ ओरिओल्सच्या सामन्यांपासून दूर ठेवलं.

शांतता मिळाली असेल, पण मला हे पटत नाही. हलवलं कोणाला? अंपायरला. मग प्रत्येक मॅनेजरला कळलं की पुरेसा गोंधळ घातला की नको असलेला अंपायर जातो. आमच्या छोट्या लीगमध्ये हेच झालं. एका प्रशिक्षकाने ईमेल लिहून लिहून दोन अंपायर बदलून घेतले, तिसरा नंबर माझा होता. मला त्याच्या सामन्यांना लावणं बंद झालं. पुढच्या मोसमात त्याला चौथाही नको झाला.


अप्पा_मातीवाले

एडिसनकर, मुद्दा पटला, पण एक भर घालतो. मार्गदर्शकाने मागितलं म्हणून पंच हलवू नये. पंचाने स्वतः मागितलं तर जरूर हलवावं. मी एकदा असं मागितलं होतं. त्या वर्षी त्या माणसाबद्दल माझ्या मनात इतकी अढी होती की त्यांच्या संघाची पकड यशस्वी झाली की मला वाईट वाटायचं. हे जाणवलं त्या दिवशी नेमणूक करणाऱ्यांना सांगितलं, या संघाचा सामना मला यंदा देऊ नका. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.


शिट्टी_नवी

मी यंदाच पंच परीक्षा पास झाले. सगळं वाचते आहे, खूप शिकायला मिळतंय. एक विचारायचं होतं. मंडळाच्या एका स्पर्धेत एका संघाचे मार्गदर्शक प्रत्येक निर्णयाला, "बाईला काय कळतंय कबड्डीतलं" असं म्हणत होते, मोठ्याने, लोकांना ऐकू जाईल असं. लोक हसत होते. मी काहीच केलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्याच गावात पुन्हा स्पर्धा आहे आणि मला बोलावलंय. अप्पा म्हणतात ओरडणारा बरोबर असू शकतो, मग इथे काय करायचं?


मध्यरेषा

अगं, हे त्यात येतच नाही. पायावरून वाद हा खेळातला वाद. तू बाई आहेस यावरून बोलणं हा वादच नव्हे. तिथे मोजत बसायचं नाही, पहिल्या वाक्याला शिट्टी, सामना थांबव, सरपंचांना सांग, कार्ड. माइकवरच्या समालोचकालाही आधीच सांगून ठेव की असल्या शेऱ्यांवर विनोद करायचा नाही. गावच्या स्पर्धांत निम्मं वातावरण तो माइक बनवतो.

आणि एकटी जाऊ नकोस. सहपंच कोण आहे ते आधी विचार आणि सामना सुरू व्हायच्या आधीच त्यांच्याशी ठरवून घे.


रंकाळा_काठ

वरच्याला पूर्ण अनुमोदन. शिवाय निघायचं कसं हेही आधी ठरव. गाडी गेटपाशी, तोंड रस्त्याकडे, आणि आयोजकांपैकी एकजण गाडीपर्यंत सोबत. हे भित्रेपणाचं नाही. ३१ मे २०२३ ला बुडापेस्टमध्ये युरोपा लीगची अंतिम लढत झाली, सेव्हियाने रोमाला पेनल्टीवर हरवलं. रेफरी अँथनी टेलर. सामना संपल्यावर रोमाचे प्रशिक्षक जोसे मोरिन्हो स्टेडियमच्या पार्किंगमध्ये जाऊन रेफरींवर तोंडसुख घेत होते, आणि नंतर विमानतळावर रोमाच्या चाहत्यांनी टेलर आणि त्यांच्या कुटुंबाला घेरलं. मोरिन्होंना चार सामन्यांची बंदी झाली. एवढ्या मोठ्या पातळीवरही पार्किंग ते विमानतळ हा रस्ता सुरक्षित नव्हता. बाकावरून निघालेले शब्द गॅलरी उचलते, आणि गॅलरीला कार्ड दाखवता येत नाही.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. ३ मार्च २०२३, बंगळूरु, आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलचा, बाद फेरीचा सामना. जादा वेळेत सुनील छेत्रीने झटपट फ्री-किक घेऊन गोल केला, रेफरी क्रिस्टल जॉन यांनी तो दिला, आणि केरला ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच अख्खा संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. त्यांना १० सामन्यांची बंदी, क्लबला चार कोटींचा दंड. मला त्यात एकच दिसतं. तो क्षण येईपर्यंत प्रशिक्षकाचा रेफरींवरचा विश्वास आधीच संपलेला असला पाहिजे. एका फ्री-किकसाठी कोणी संघ बाहेर नेत नाही.


पीटीचे_सर

कबड्डीचं घ्या. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ ला भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर थांबला होता, तासभर. पवन सेहरावत स्पर्श न करता लॉबीत गेला, मागोमाग इराणचे बचावपटू गेले. एका नियमाप्रमाणे लॉबीत गेलेले बचावपटूही बाद, दुसऱ्याप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. निर्णय फिरत राहिले, दोन्ही संघ मॅटवर ठाण मांडून बसले. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला.

तिथे कोणता मार्गदर्शक कठीण होता? नियमच दोन होते. आमच्याकडेही निम्मी भांडणं तिथूनच येतात. पोरं टीव्हीवर प्रो कबड्डी बघतात, आम्हीही बघतो, आणि शाळेच्या मैदानावर आमच्या तोंडातून "रिव्ह्यू!" निघतं. सामन्याआधी पंचांनी दोन्ही मार्गदर्शकांना एकत्र बोलावून दोन मिनिटं सांगावं की आज लॉबीचा नियम कोणता, तिसऱ्या चढाईचा कोणता, रिव्ह्यू नाही. बऱ्याच ठिकाणी नाणेफेक झाली की थेट सामना चालू होतो.


मध्यरेषा

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहिते आहे, कारण मध्ये बरंच घडलं.

आधी त्या मार्गदर्शिकेचं. नंबर मिळवून फोन केला. सांगितलं, "त्या दिवशी तुला दाखवलेलं कार्ड चुकीचं होतं, आणि पूर्वार्धात मी त्या सरांना न दाखवलेलं त्याहून जास्त चुकीचं होतं." ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मी मुलींना सांगितलं होतं की माझं चुकलं म्हणून कार्ड मिळालं. आता काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांग. त्यांच्या शाळेत जाऊन मुलींना भेटून यायचं ठरवलं आहे.

आता परवाचं. दुसऱ्या वयोगटाचा सामना, आणि पीटीचे सर विचारत होते तसंच झालं, समोर तेच सर. नेमणूक बदलून मागावी असं एकदा मनात आलं. अप्पांची कसोटी लावून पाहिली. त्यांच्या संघाची पकड जमली की मला वाईट वाटतं का? नाही वाटत. म्हणून गेले.

नाणेफेकीआधी दोन्ही मार्गदर्शकांना टेबलापाशी बोलावलं. लॉबीचा नियम सांगितला, रिव्ह्यू नाही हे सांगितलं. मग दोघांकडे बघून म्हणाले, "शंका असेल तर चढाई संपल्यावर बाकाजवळून मला विचारा, मी उत्तर देईन. पंचांशी बोलायचं नाही. चढाई चालू असताना बाहेरून सूचना आली तर पहिल्याच वेळी कार्ड." पंचांनाही सांगून ठेवलं की बाकाला उत्तर द्यायचं नाही, ते मी बघेन. सर म्हणाले, "मॅडम, हे माझ्यासाठीच आहे ना?" मी म्हटलं, "सर, दोघांसाठी आहे. मागच्या वेळी मी दोघांना सारखं वागवलं नाही, म्हणून आज आधी सांगते."

चौथ्या मिनिटाला ते उभे राहून ओरडले, "कोपरा सोड, कोपरा सोड!" चढाई चालू होती. चढाई संपल्यावर हिरवं कार्ड दाखवलं. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. ते माझ्याकडे बघत राहिले आणि बसले. नवव्या मिनिटाला समोरच्या संघाचे मार्गदर्शक अगदी तसेच ओरडले, त्यांनाही हिरवं.

उत्तरार्धात बोनसवरून व्हायचं ते झालंच. सर बाकाच्या कडेपर्यंत आले, पुढे आले नाहीत. "मॅडम, मागचा पाय?" मी मागच्या पायावरच नजर ठेवून होते, पण खरं म्हणजे माझ्या बाजूने बचावपटू मध्ये आला होता. म्हटलं, "मला दिसला नाही सर, त्या बाजूच्या पंचांना विचारते." विचारलं. ते म्हणाले, टेकलेला होता. बोनस नाही. सर दोन्ही हात डोक्यावर ठेवून वळले आणि पाण्याची बाटली जमिनीवर आपटली. मैदानात आली नाही, कोणाला लागली नाही. मी ती तशीच सोडली. ते बरोबर केलं की नाही, यावर अप्पा आणि रंकाळा_काठ यांचं मत हवं आहे.

त्यांचा संघ तीन गुणांनी जिंकला. गुणपत्रिकेवर सही करताना ते काही बोलले नाहीत. पेन परत देताना विचारलं, "रविवारच्या फायनलला तुम्हीच का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मुलींना पाणी द्यायला गेले.


रंकाळा_काठ

बाटली बाकाच्या आत आपटली असेल तर मीही सोडली असती. अहवालात मात्र एक ओळ लिहिली असती, मिनिटासकट.


अप्पा_मातीवाले

मी सोडली नसती. कार्ड नव्हतं दाखवलं, पण जवळ जाऊन म्हटलं असतं, "सर, बाटली उचला." पोरी बघत असतात. रविवारी कसं झालं ते कळवा ताई.